मूठभरांचे पथक



व्याख्यानमालेचे चिटणीस आमच्याकडे विषय विचारायला आले, तेव्हा आम्ही त्यांना सांगितले, "मॉरिशस देशाच्या ऑलिंपिक पथकावर बोलू." चिटणीस भले गृहस्थ, पण त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू काही लपले नाही. ते म्हणाले, "गुरुजी, मॉरिशसने आजवर ऑलिंपिकात पदके तरी किती मिळवली?" आम्ही म्हणालो, "एक." "एक! मग तुम्ही तासभर बोलणार कशावर?"

त्या एकावरच बोलायचे आहे, आणि त्या एकाच्या आधी जी चोवीस वर्षे रिकामी गेली त्यांच्यावर बोलायचे आहे. पदकांच्या राशी ज्यांच्या घरी आहेत त्यांची चरित्रे आपण पुष्कळ वाचतो. परंतु आंबेनळीच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्यासारख्या माणसांनी राशीवाल्यांकडून काय शिकावे? आपली शिकवणी आपल्याच वर्गातल्या कुणाकडे लावलेली बरी.

मॉरिशस आपल्याला परका मुळीच नव्हे. १८३४ सालापासून पुढे पाऊणशेहून अधिक वर्षे हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर त्या बेटावर उसाच्या मळ्यांत नेले गेले. त्यांची संख्या साडेचार लाखांच्या घरात जाते. त्यांतले बहुसंख्य बिहारकडचे आणि दक्षिणेकडचे होते. पण मुंबई बंदरातून शिडाच्या जहाजांत चढलेली मराठी माणसेही त्यांत होती, आणि त्यांत कोकणातली पुष्कळ होती. पोर्ट लुई या राजधानीत जिथे हे लोक उतरत, त्या जागेला आज 'आप्रवासी घाट' म्हणतात. २००६ साली तिची जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली. आपला घाट डोंगराचा, त्यांचा घाट बंदराचा. पण पोटासाठी गाव सोडणाऱ्याची पावले दोन्हीकडे सारखीच जड पडली असतील. त्या मराठी माणसांचे वंशज आज घरात बहुधा क्रिओल बोलतात. तरी त्यांचा गणपती चुकत नाही. गणेश चतुर्थीला तिथे सबंध देशाला सुट्टी असते. आपल्या कोकणातली जाखडी तिथे 'झाकरी' या नावाने अजून नाचली जाते.

आता या देशाचा आकार डोळ्यांपुढे आणा. मॉरिशसचे क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर. आपल्या रायगड जिल्ह्याचे सात हजारांहून अधिक. म्हणजे एका रायगड जिल्ह्यात तीन मॉरिशस बसवून वर जागा उरेल! वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास; २०११ च्या शिरगणतीत एकट्या रायगडची वस्ती सव्वीस लाखांवर होती. असा हा देश १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाला, आणि १९८४ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकात त्याचे पथक पहिल्यांदा उतरले.

ऑलिंपिकच्या आरंभीचे संचलन तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. ग्रीसचे पथक सर्वांच्या पुढे, यजमानांचे सर्वांच्या शेवटी, आणि मध्ये बाकीचे देश यजमानांच्या वर्णमालेच्या क्रमाने. त्यात पाचशे-सहाशे माणसांची पथके असतात आणि चार-पाच माणसांचीही असतात. गंमत अशी की, चार माणसांचे पथक मैदानात आले तरी झेंडा एकच आणि नाव पुकारले जाते ते एकदाच. सहाशेंचे आले तरी तेच. जगाच्या बाजारात ज्यांची मोजदाद एरवी शेरावर होते, त्यांना या एका संध्याकाळी नगावर मोजतात.

यावर काही शहाणे विचारतात, "ज्यांना जिंकायचेच नाही त्यांना बोलावता कशाला?" हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. बहुतेक खेळांत ऑलिंपिकला जायचे तर ठरावीक वेळ, ठरावीक अंतर किंवा पात्रता फेरी पार करावी लागते. परंतु ज्या देशाचा एकही धावपटू वा जलतरणपटू त्या मापाला पुरा पडत नाही, त्यालाही एक पुरुष आणि एक स्त्री पाठवण्याची सवलत नियमांत ठेवली आहे. तिला कुणी खिरापत म्हणतात. आम्हांस ती खिरापत वाटत नाही. आम्हांस ती शाळेतली शेवटच्या बाकावरची जागा वाटते. शेवटच्या बाकावर बसलेला मुलगा पहिला येईल असे नाही. पण वर्गाबाहेर उभा असलेला मुलगा पहिला येणार नाही हे मात्र नक्की. मॉरिशस १९८४ साली या बाकावर येऊन बसला.

आता त्या १९८४ ची गुणपत्रिका पाहा. मॉरिशसला पदके शून्य. आणि कोट्यवधी वस्तीच्या आपल्या भारताला? तीही शून्य. पी. टी. उषा यांचे ब्राँझपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले ते याच लॉस एंजेलिसमध्ये. १९८८ साली सोलमध्ये पुन्हा दोघांना शून्य, १९९२ साली बार्सिलोनात पुन्हा शून्य! गणित सांगते की शून्याला कितीही कोटींनी गुणा, उत्तर बदलत नाही. माणसांचा आकडा मोठा असला म्हणजे त्यातून कुणी तरी आपोआप वर येईल, ही आपली जुनी समजूत त्या तीन ऑलिंपिकांनी खोटी पाडली.

मॉरिशसने पुढे काय केले? त्याने आणि त्याच्या शेजाऱ्यांनी स्वतःची शिडी बांधली. हिंदी महासागरातल्या बेटांनी १९७९ साली रियुनियन बेटावर आपसांतल्या क्रीडास्पर्धा सुरू केल्या. मॉरिशस, सेशेल्स, मादागास्कर, कोमोरोस, मालदीव, रियुनियन अशी ही मंडळी. १९८५, २००३ आणि २०१९ साली या स्पर्धा मॉरिशसमध्ये भरल्या. यजमान म्हणून मैदाने बांधावी लागली, पंच तयार करावे लागले, मुलांना आपल्यासारख्याच बेटकऱ्यांशी झुंजण्याची सवय लागली. एकदम गौरीशंकर चढायला निघणाऱ्याची फसगत होते. आधी प्रतापगड चढावा, मग पुढचे बोलावे.

ही शिडी चढत चढत मॉरिशसचा स्टेफान बकलँड २००४ साली अथेन्सला दोनशे मीटर धावण्याच्या अंतिम शर्यतीत पोचला. पदक मिळाले नाही. पण जगातल्या आठ वेगवान माणसांत एक मॉरिशसचा होता. आणि २००८ साली बीजिंगमध्ये ब्रुनो जुली या मुष्टियोद्ध्याने बँटमवेट गटात उपान्त्य फेरी गाठली. तिथे क्यूबाच्या यांकिएल लिओनकडून तो हरला. मुष्टियुद्धात उपान्त्य फेरीत हरलेल्या दोघांनाही ब्राँझपदक देतात, त्या नियमाने जुलीच्या गळ्यात पदक पडले. चोवीस वर्षांनंतरचे हे पहिले पदक. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत तेच एकुलते एक.

दुसरे एक चित्र सांगतो. २०१८ साली ऑस्ट्रेलियातल्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या मीराबाई चानूने वजन उचलण्यात सुवर्णपदक मिळवले, तेव्हा आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या शेजारच्या पायरीवर रौप्यपदक घेऊन कोण उभी होती, हे आपण पाहिले का? ती मॉरिशसची रोइल्या रानाइव्होसोआ. चार वर्षांनी बर्मिंगहॅमला पुन्हा सुवर्ण मीराबाईला आणि रौप्य पुन्हा त्याच मॉरिशसच्या मुलीला. एकशे चाळीस कोटींची कन्या आणि साडेबारा लाखांची कन्या यांच्यात अंतर उरले ते एका पायरीचे!

पण मित्रहो, लहान देश म्हणजे गोकुळ, असे चित्र रंगवले तर ते खोटे होईल. मॉरिशसची एक जखम तुम्हांला सांगितलीच पाहिजे. तिथले फुटबॉलचे संघ एके काळी जातीधर्मांवर उभे होते. हिंदू कॅडेट्स, मुस्लिम स्काउट्स, तामिळ कॅडेट्स अशी त्यांची नावेच होती. सरकारने पुढे नावे बदलायला लावली; पाटी बदलली, मने तीच राहिली. १९९९ च्या मे महिन्यात एका सामन्यानंतर दंगल उसळली, जाळपोळ झाली आणि तीत सात माणसे जळून मेली. मग सामने बंद ठेवावे लागले, आणि पुन्हा सुरू करताना संघ जातीवर न बांधता गावागावांवर, विभागांवर बांधले गेले.

आपण या गोष्टीकडे बोट दाखवून हसू नये. मुंबईत क्रिकेटचे पंचरंगी सामने होत, त्यांत हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि 'इतर' असेच संघ असत. ते १९४६ साली बंद पडले. आणि आपल्या महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली काय घडले, कशासाठी घडले, हे या सभेत सांगण्याची गरज नाही. पाणी काय किंवा मैदान काय, ते सर्वांचे झाल्याशिवाय कुणाचेच होत नाही. मूठभर माणसांचे पथक निवडताना मॉरिशसला हे फार लवकर कळते. कारण साडेबारा लाखांतून एकाही आळीची मुले वगळून त्याचे भागत नाही. मोठ्या देशाला माणसे वाया घालवण्याची चैन परवडते, किंवा परवडते असे त्याला वाटते. लहानाला ती परवडत नाही.

आमच्या आजच्या बोलण्याचे सार हेच. लहान पथक विपुलतेवर जगू शकत नाही. त्याला एकेक मूल नावानिशी ओळखावे लागते. अमक्या वाडीतली मुलगी वेगाने धावते, तमक्या कोळ्याचा मुलगा दम न सोडता पोहतो, हे कुणाला तरी ठाऊक असावे लागते. आणि ते ठाऊक असणाऱ्याने त्या मुलाच्या बुटांची, दुधाची, प्रवासाची सोय करावी लागते. २०२४ साली पॅरिसला सेंट लुसिया या वेस्ट इंडीजमधल्या बेटाच्या ज्युलियन आल्फ्रेडने शंभर मीटरचे सुवर्णपदक जिंकले. त्या सबंध देशाची वस्ती पावणेदोन लाखांच्या आसपास, म्हणजे जवळपास एका महाड तालुक्याएवढी. शेजारच्या डॉमिनिकाची वस्ती तर सत्तर हजारांच्या आसपास. त्या देशाच्या थिया लाफाँडने तिहेरी उडीत सुवर्ण मिळवले. अर्थात यातली दुसरी बाजूही विसरू नये. आल्फ्रेडला चौदाव्या वर्षी घर सोडून शिक्षणासाठी जमैकाला आणि पुढे अमेरिकेला जावे लागले. आपल्या पोलादपूरची मुले मुंबईची गाडी धरतात, तशीच ती. घर सोडावे लागणे हे लहान गावाच्या नशिबी आहे. पण निघणाऱ्याच्या पाठीवर गावाचा हात आहे की नाही, हे गावाच्या हाती आहे.

हे सगळे समुद्रापलीकडचे झाले. आता ज्यांना बेटांच्या गोष्टी फार दूरच्या वाटत असतील त्यांनी आमच्याबरोबर आंबेनळी चढावी. घाट चढून महाबळेश्वर, तिथून पाचगणी, वाई, सातारा करीत कऱ्हाडला जावे. कऱ्हाडजवळ गोळेश्वर नावाचे गाव आहे. त्या गावात १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा दादासाहेब जाधव जन्मले. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकात कुस्तीत ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जायचे तर पैसे नव्हते. गोळेश्वरच्या आणि आसपासच्या लोकांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी बँटमवेट गटात ब्राँझपदक आणले. स्वतंत्र भारताला व्यक्तिगत खेळात मिळालेले हे पहिले ऑलिंपिक पदक. त्यानंतरचे, लिअँडर पेस यांचे, १९९६ साली आले, चव्वेचाळीस वर्षांनी! महाराष्ट्राच्या खेळाडूला तसे पदक पुन्हा मिळायला तर २०२४ साल उजाडावे लागले. ते कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळे यांनी नेमबाजीत मिळवले.

खाशाबांच्या त्या कुस्त्यांविषयी एक गोष्ट नेहमी सांगतात. जपानच्या इशीशी दीर्घ झुंज देऊन ते हरले. त्यानंतर विश्रांतीला अर्धा तास मिळायला हवा होता. पण लगेच त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभे केले गेले. त्या वेळी त्यांच्या बाजूने "हे नियमाला धरून नाही" असे म्हणायला आपला एकही अधिकारी आखाड्यापाशी नव्हता. ही गोष्ट ऐकली की आम्हांला वाटते, पथक म्हणजे काय याचा अर्थ इथे कळतो. नुसता खेळाडू म्हणजे पथक नव्हे. त्याच्या बाजूने वेळेवर तोंड उघडणारा एक माणूस जवळ असला, म्हणजे दोघांचे पथक होते. त्या दिवशी खाशाबांच्या मागे देश होता, पण शेजारी कुणी नव्हते.

ते परत आले तेव्हा शे-दीडशे बैलगाड्यांची मिरवणूक निघाली म्हणतात. पुढे ते पोलीस खात्यात नोकरीला लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचा अंत झाला. मॉरिशस ज्या ऑलिंपिकात पहिल्यांदा उतरला ते संपून तेव्हा दोनच दिवस झाले होते. त्यांना २००० सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

आम्ही इतका वेळ इतरांच्या गोष्टी सांगितल्या. आता एक आमची सांगतो. तिच्यात आमचा मोठेपणा नाही. पुष्कळ वर्षे झाली. घाटातल्या एका वाडीवरचा मुलगा आमच्या शाळेत होता. रोज उतार उतरून यायचा, संध्याकाळी चढून जायचा. त्याला धावायला कुणी शिकवले नव्हते. घाटानेच शिकवले होते. तो जिल्ह्यात पहिला आला. आम्हांला कोण आनंद झाला! आम्ही सत्कार समिती नेमली. आम्हीच तिचे चिटणीस. शाल आणली, हार आणले, नारळ आणले, मांडव घातला, चांगली चार भाषणे झाली. आठ दिवसांनी पुढच्या स्पर्धेला त्याने पुण्याला जायचे होते. तो गेला नाही. आम्ही विचारले, तेव्हा खाली मान घालून म्हणाला, "गुरुजी, एसटीचं भाडं नव्हतं. आणि बूट फाटलेत."

सत्काराच्या हिशेबाचा कागद आमच्या खिशात होता. हारांच्या पैशांत त्याचे जाण्यायेण्याचे भाडे निघाले असते. मांडवाच्या पैशांत बूट. विचारायचे आमच्या मनातच आले नाही. पुढच्या वर्षी तो शाळा सोडून मुंबईला गेला. आम्ही त्याला नावानिशी ओळखत होतो, मित्रहो, पण ओळखीने जे करायचे ते केले नाही. खर्डेकरांनी घर गहाण ठेवले. आम्हांला शालीचे पैसे वाचवायचे सुचले नाही.

म्हणून आम्ही मॉरिशसचे नाव घेतले. त्या पथकाला पदक एकच मिळाले. पण ज्या वर्षी पदक नव्हते त्या वर्षीही पथक गेले, आणि दर वेळी कुणी तरी त्याचे भाडे भरले. पदकानंतरचे हार सोपे असतात. पदकाच्या आधीचे भाडे अवघड असते. कारण तेव्हा टाळ्या नसतात, छायाचित्रे नसतात, आणि मुलगा हरेल अशीच शक्यता अधिक असते. हरण्याची शक्यता धरून जो खर्च करतो, तोच खरा पथक घडवणारा.

आपला पोलादपूर तालुका लहान आहे. उमरठच्या तानाजी मालुसऱ्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो, आणि ते घेतलेच पाहिजे. पण मूठभर मावळे घेऊन सिंहगड चढणाऱ्या त्या वीराच्या नावाने आपण काय चालवतो, तेही एकदा तपासू. आमची एक लहानशी सूचना आहे. या व्याख्यानमालेत वक्त्यांना हार घालण्याची प्रथा आहे. ती बंद करावी. आज आमच्या गळ्यात पडला तो शेवटचा समजावा. त्या पैशांची एक पेटी शाळेत ठेवावी, आणि तिच्यावर एवढेच लिहावे: "पुढच्या फेरीचे भाडे." ज्या मुलामुलीला बाहेर खेळायला जायचे असेल त्याला ते अर्ज न करता, मान खाली न घालता मिळावे. तो जिंकेल का, हे विचारू नये. त्याच्याबरोबर आपल्यातले कुणी तरी एक माणूस जावे, म्हणजे आखाड्यापाशी तो एकटा राहणार नाही.

पेटीत पहिले पैसे आमचे. चिटणीसांनी आमचे प्रवासभाडे देऊ केले आहे. ते त्यांनी तिकडेच वळवावे. तो मुलगा आज कुठे असेल आम्हांला माहीत नाही. पण घाट अजून तिथेच आहे, आणि उद्या सकाळी कुणी तरी मूल तो धावत उतरून शाळेत येईल. त्याचे नाव आपल्यापैकी कुणाला ठाऊक आहे का, एवढे घरी जाताना एकमेकांना विचारा.